झोळ

गेवराई तालुक्यातील चकलांबा आणि त्याच्या आसपासच्या गावांत कापड एकदम टाकून दिले जात नाही. ते पायरीपायरीने उतरत जाते. लुगडे बसण्याच्या जागी विरले की मधला भाग काढून टाकून दोन्हीकडची शाबूत टोके जोडली जातात, किंवा दोन निरनिराळ्या लुगड्यांचे धड भाग एकत्र शिवले जातात, आणि या जोडणीला दंड घालणे असे म्हणतात. दंडाचे लुगडेही जिरले की त्यातून परकर, झबली आणि दुपटी निघतात. त्यातून जे उरते ते वाकळेत जाते, म्हणजे जुन्या कापडांचे थर एकावर एक अंथरून धावदोऱ्याने शिवलेल्या अंथरुणात. आणि वाकळही फाटली की तिचे पोतेरे होते, डोक्यावर ओझ्याखाली ठेवायची चुंबळ होते, शेवटी चिमणीची वात होते. हा क्रम ज्यांच्या घरात जुने गाठोडे आहे त्या सर्वांना ठाऊक असल्यामुळे त्याचा विस्तार येथे केलेला नाही. प्रस्तुत लेखाचा विषय या क्रमातील एकच अडचण आहे, जिच्याविषयी शिवणाऱ्या बायका आपसात पुष्कळ बोलतात आणि जिचे समाधानकारक उत्तर अजून कोणी दिलेले नाही. ती अडचण म्हणजे झोळ.

वाकळ शिवत असताना वरच्या थरात हळूहळू साचत जाणाऱ्या जादा कापडाला झोळ म्हणतात. काठाकडून आत जाण्याच्या रीतीत पहिला फेरा चारही कडांनी फिरतो, दुसरा त्याच्या आत दोन बोटांवरून, आणि अशा रीतीने शिवण मध्याकडे सरकते. सुई प्रत्येक टाक्याला सगळे थर उचलते तेव्हा वरच्या कापडाला खालच्यापेक्षा किंचित जास्त वळण घ्यावे लागते, आणि त्याच वेळी डाव्या हाताची बोटे ते कापड दाबून धरता धरता नकळत पुढे लोटत असतात. एका टाक्यात हा फरक दिसत नाही, एका फेऱ्यातही फारसा जाणवत नाही. परंतु शिवण मध्याशी पोहोचते तेव्हा तो सगळा एकाच ठिकाणी गोळा झालेला असतो आणि त्याला जायला वाट उरलेली नसते. तेथे कापड फुगते, फुगा दाबून शिवला की चुणी पडते, आणि त्या चुणीवर झोपणाऱ्याच्या पाठीला ती रात्रभर टोचते.

यावरचे उपाय सर्वपरिचित आहेत आणि प्रत्येकाची खोड तितकीच परिचित आहे. आधी लांब टाक्यांनी कच्चे टाचून घेतले तर झोळ टाचणीच्या दोन ओळींमध्ये अडकतो, म्हणजे एका मोठ्या फुग्याऐवजी अनेक लहान फुगे मिळतात. कापड ओले करून ताणून घातले आणि चार कोपऱ्यांवर दगड ठेवले तर पहिल्या दिवशी काम सुरेख चालते; पण कापड वाळले की ताण सैल पडतो आणि दुसऱ्या दिवशी तोच झोळ दुप्पट होऊन समोर येतो. एक ओळ डावीकडून आणि पुढची उजवीकडून शिवली तर कापड दोन दिशांना ओढले जाते आणि दोन ओळींमधल्या पट्ट्यात तिरक्या आड्या उमटतात, ज्या फुग्यापेक्षाही वाईट दिसतात. टाका लहान घातला तर लोटण्याच्या वेळा वाढतात, मोठा घातला तर कापड सैल राहून पायाच्या बोटात अडकते. हाताचा दाब बदलणे हा खरा उपाय असे जुन्या बायका सांगत. परंतु दाब किती, हे शब्दांनी सांगता येत नाही, आणि वय झाल्यावर बोटांची पकड जशी जाते तसा हा दाबही जातो.

कर्नाटकातील उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ आणि यल्लापूरच्या परिसरात राहणाऱ्या सिद्दी समाजाच्या स्त्रिया कवंदी नावाची गोधडी शिवतात. त्याही कोपऱ्यापासून सुरुवात करून कडेकडेने आत जातात, तरीही त्यांच्या कामात झोळाचा हा त्रास फारसा संभवत नाही, याचे कारण त्यांच्या रचनेत आहे. कवंदीचा वरचा थर अखंड नसतो. शिवण जसजशी पुढे जाते तसतसा एकेक तुकडा कडा दुमडून बसवला जातो, त्यामुळे साचलेले कापड पुढच्या तुकड्याच्या दुमडीत जिरून जाते. चकलांब्याकडची वाकळ मात्र बहुधा अख्ख्या लुगड्याचा वा साडीचा वरचा थर मागते, कारण अखंड काठ चारही बाजूंनी फिरलेला दिसणे ही येथे घरंदाजपणाची खूण मानली जाते. अर्थात झोळाचा अर्धा दोष हाताचा असेल तर अर्धा या हौसेचा आहे, आणि ही हौस सोडायला कोणी तयार नाही. प्रस्तुत लेखिकाही नाही.

सुती लुगड्यांच्या काळात या हौसेची किंमत मोजावी लागत नव्हती. वर्षानुवर्षे धुतलेले सुती कापड मऊ आणि खरबरीत अशा दोन्ही गुणांचे असते. त्याचे थर एकमेकांना धरून राहतात आणि सुताचा दोरा त्यात रुतून बसतो. शिवणीत थोडासा झोळ राहिला तरी पहिल्या धुण्यात थर आणि दोरा आपापल्या परीने आटतात, आणि दसऱ्याच्या आधी घरातील सगळी पांघरुणे नदी-विहिरीवर धुऊन काढण्याचा जो रिवाज आहे, ज्याला या भागात दसरा काढणे म्हणतात, त्यातून वाकळ बाहेर आली की फुगे बरेचसे बसलेले असत. कापूस हवेतला ओलावा स्वतःच्या वजनाच्या सुमारे 8.5 टक्के इतका धरून ठेवतो, त्यामुळे तो फुगतो, आकसतो, शेजारच्या थराला चिकटतो. पॉलिएस्टर जेमतेम 0.4 टक्के ओलावा धरते, त्यामुळे ते पहिल्या दिवशी जसे असते तसेच शेवटच्या दिवशीही असते. गुळगुळीत साडीवर गुळगुळीत साडी अंथरली की सुई लागण्याआधीच थर घसरू लागतात, आणि जो झोळ शिवणीत राहिला तो कितीही धुणी झाली तरी बसत नाही.

या धाग्याचा जन्म 1941 साली इंग्लंडमध्ये झाला. व्हिनफिल्ड आणि डिक्सन या दोन रसायनतज्ज्ञांनी पॉलिएस्टरच्या तंतूचे एकस्व ज्या वर्षी घेतले, त्याच वर्षी 1 जूनपासून त्याच देशात युद्धामुळे कपड्यांचे रेशनिंग सुरू झाले, आणि पुढे 1943 मध्ये तेथील सरकारने 'मेक डू अँड मेंड' नावाची पुस्तिका काढून गृहिणींना ठिगळ लावायला आणि मोजे रफू करायला शिकवले. एका हाताने जुने टिकवण्याचा उपदेश आणि दुसऱ्या हाताने जुने न होणारे कापड, असे दोन्ही उद्योग एकाच वेळी चालले होते. गेवराईच्या काळ्या जमिनीत आजही कापूस पिकतो, जिनिंगला जातो, आणि बाजारातून परत येते ती बहुधा पॉलिएस्टरची साडी. हा फेरा पाहिला की उपदेशापेक्षा धागाच जिंकला असे म्हणावे लागते.

तथापि या धाग्याला नुसती नावे ठेवणे अन्यायाचे होईल. बीड जिल्ह्यातून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडणीसाठी मोठ्या संख्येने कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. नवरा-बायकोच्या जोडीला तेथे एक कोयता म्हणतात, मुकादमाकडून आगाऊ घेतलेल्या रकमेला उचल म्हणतात, आणि कारखान्याच्या तळावर पाचटाच्या किंवा ताडपत्रीच्या कोपीत पाच-सहा महिने काढावे लागतात. अशा ठिकाणी सुती वाकळ एकदा दवाने भिजली की दिवसभर वाळत नाही आणि उचलताना खांदा मोडते. साड्यांची वाकळ झटकली की निम्मी कोरडी होते आणि गाडीत कमी जागा घेते. तोडणीला जाणारी बाई साड्यांची वाकळ मागते ती याच कारणाने, आणि तिला कापसाचे गुण सांगत बसणे हे ज्यांना घरी झोपायला मिळते त्यांचे काम आहे. फक्त विस्तवाच्या बाबतीत सुताचा पक्ष निर्विवाद ठरतो: कोपीतल्या चुलीची ठिणगी सुती वाकळेवर पडली तर तेवढी जागा करपते आणि ठिगळ लावता येते, साड्यांच्या वाकळेवर पडली तर कापड वितळते, भोकाची कड काचेसारखी कडक होते आणि तीत सुई शिरत नाही. म्हणून तोडणीला जाणाऱ्या वाकळेची पायाकडची बाजू, जी चुलीकडे येते, ती तरी सुती ठेवावी असा आग्रह धरला जातो.

ठिगळाचा नियमही येथेच नोंदवणे योग्य होईल, कारण तो झोळाचाच सख्खा भाऊ आहे. विरलेल्या कापडावर नवे, जाड ठिगळ लावले तर ठिगळ टिकते आणि त्याच्या शिवणीलगतचे जुने कापड फाटते, कारण ओढ नेहमी दोघांतल्या अशक्ताकडे जाते. ठिगळ मूळ कापडाच्या वयाचे असावे लागते, आणि भोकापेक्षा बरेच मोठे, म्हणजे त्याची शिवण धड भागात उतरेल. सदऱ्याचा खांदा आणि गळपट्टी मोळ्या वाहून विरते तेव्हा त्याच सदऱ्याच्या मागच्या खालच्या घोळातून, जो धोतरात किंवा पँटमध्ये दडतो, तुकडा काढून वर लावतात आणि खाली कशानेही भरून काढतात. रफूगाराचे काम, ज्यात ताणा आणि बाणा पुन्हा विणून भोक नाहीसे केले जाते, ते वेगळ्या इभ्रतीचे आहे. घरच्या ठिगळाला नाहीसे व्हायचे नसते, त्याला फक्त फाटायचे नसते.

अलीकडे तालुक्याच्या गावी यंत्रावर गोधडी शिवून मिळते. यंत्राचा दाब सर्वत्र सारखा असतो, त्यामुळे झोळ कमी राहतो हे मान्य केले पाहिजे.  परंतु यंत्राची गोधडी पुठ्ठ्यासारखी ताठ राहते. शहरांतील प्रदर्शनांत मिळणाऱ्या गोधड्यांविषयी बोलावे तितके थोडेच आहे: नवे कापड कापून त्याचे तुकडे करायचे, ते जुने भासतील असे जोडायचे, आणि काटकसरीच्या नावाखाली विकायचे, हा व्यवहार ज्या बाईने एका परकराच्या घेरातून दोन झबली काढली आहेत तिला समजावून सांगणे कठीण आहे. संग्रहालयांतील प्रदर्शनांविषयी मात्र तक्रार नाही. याच जिल्ह्यातील अंबाजोगाईला दासोपंतांनी पंचीकरण हा विषय कागदाऐवजी कापडावर, पासोडीवर, लिहिला आणि ती पासोडी चार शतके टिकली. अर्थात तिच्यावर कोणी झोपले नाही, हेही त्याचे एक कारण आहे. गाडगेबाबांना लोक गोधडेबाबा म्हणत ते अंगावरच्या चिंध्यांमुळे. पण चिंध्यांचा मान वाढला म्हणून शिवणारीचा मान वाढला, असे काही झालेले नाही.

मानाचा प्रश्न निघालाच आहे तर शिवणारीच्या अहंकाराविषयी स्पष्टपणे लिहिले पाहिजे. वाकळ पाहायला आलेली जाणती बाई ती आधी उलटी करते, कारण टाक्यांची खरी परीक्षा पाठीमागून होते. आणि प्रस्तुत लेखिकेने आयुष्यभर पाठ अशी शिवली की ती उलटून पाहिली जावी. उबेसाठी पाठीमागच्या टाक्याची लांबी पुढच्याइतकीच असण्याची काही गरज नसते. ते सगळे पाहणाऱ्यासाठी होते, आणि कोणी न उलटताच वाकळ पांघरली तर मनाला लागत असे. मध्यभागी चुणी नसलेली वाकळ ही या हाताची ओळख आहे, असे गावात बोलले जाई, आणि ते ऐकून न ऐकल्यासारखे करण्याचीही एक सवय अंगी लागली होती. साड्यांच्या वाकळा हाती येऊ लागल्यावर तोच हात, तीच सुई आणि तोच दाब असूनही मध्यभागी फुगे येऊ लागले, तेव्हा प्रथम दोष डोळ्यांना दिला गेला, मग बोटांना, मग दोऱ्याला. जे उमगायला सर्वांत उशीर झाला ते असे, की ज्याला हाताचे कसब समजले जात होते त्याचा मोठा वाटा लुगड्याचा होता. वापरून, धुऊन, उन्हात वाळून कापडाने स्वतःच अर्धे काम करून ठेवलेले असे आणि शिवणारी त्यावर नाव कमावत असे.

शिकायला येणाऱ्या एका मुलीने ही गोष्ट नकळत सिद्ध केली. तिला सुती कापडाची सवयच नाही, त्यामुळे त्याची उणीवही भासत नाही. ती साड्यांचे थर वीत-वीत अंतरावर टाचपिनांनी पकडते, मध्यापासून सुरुवात करून सरळ ओळींनी बाहेर येते, आणि सगळा झोळ काठाशी आणून सोडते; तेथे जादा कापड कात्रीने कापून काढते आणि कड दुमडून घेते. टाके लांबडे आणि वाकडेतिकडे असले तरी तिची वाकळ सपाट पडते. तिच्या पद्धतीवर घेतला गेलेला आक्षेप असा, की कापड कापून फेकणे ही काटकसरीच्या कामातली हार आहे, आणि फिरलेला अखंड काठ त्यात खंडित होतो. त्यावर तिचे उत्तर असे, की कापलेल्या पट्टीची चुंबळ होते. हे उत्तर बिनतोड आहे, आणि म्हणूनच ते आवडलेले नाही.

लाकडी पेटीत काही सुती लुगडी अजून शिल्लक आहेत, धुऊन मऊ झालेली, वाकळेला अगदी जोगी. न्यायाने पाहता ती तिला दिली पाहिजेत, कारण चांगल्या कापडावर हात बसला की तिचे टाकेही सुधारतील. परंतु त्या कापडावर कोणाचाही हात चांगला दिसतो हे आता कळून चुकले आहे, आणि म्हणून तिला साड्याच दिल्या जातात, लुगडी पेटीतच राहतात, आणि त्यांची वाकळ प्रस्तुत लेखिकाच शिवणार आहे.