पंतांचा हिरवा

जानेवारीतल्या एका सकाळी पंतांच्या पिंजऱ्यातला तळाचा कागद बदलताना मी थबकले. सरड्याच्या विष्ठेत दोन भाग असतात, एक काळपट आणि दुसरा खडूसारखा पांढरा. तो पांढरा भाग म्हणजे त्याची लघवी. पाणी वाचवण्यासाठी हे प्राणी युरिक अ‍ॅसिड असं घट्ट करून बाहेर टाकतात. त्या दिवशी पांढऱ्याच्या जागी नारिंगी होतं, झेंडूच्या पाकळीसारखं गर्द. कागद मी टाकला नाही. घडी करून डॉक्टरांना दाखवायला ठेवला.

पंत म्हणजे आमचा शॅमेलिऑन. तेव्हा त्याला साडेसहा वर्षं झाली होती. त्याच्या जातीचे नर माणसाच्या घरात साधारण सहा ते आठ वर्षं जगतात, म्हणजे तो म्हाताराच होता. डेट्रॉइटजवळच्या आमच्या घरात हिवाळ्यात चोवीस तास हीटर चालतो. त्या कोरड्या हवेत आपले ओठ फाटतात, आणि याचं अंग आतून सुकत जातं, हे मला जरा उशिराच उमगलं.

सरड्याची आणि माझी पहिली ओळख मात्र फार वाईट होती.

सांगोल्याजवळ आमच्या वस्तीभोवती बाभळी आणि बोरी माजलेल्या असत. त्यांत आपल्याकडचा शॅमेलिऑन असायचा, पण दिसायचा क्वचित. आजी त्याला सरडगुहिरा म्हणायची आणि नाव घेताना आवाज खाली आणायची. तो विषारी असतो, त्याची नजर वाईट असते, त्याने रंग बदलून कुणाकडे पाहिलं तर ते माणूस आजारी पडतं, असं काय काय ती सांगायची. त्याला विष नसतं हे मला कित्येक वर्षांनी कळलं. मी तिसरीत असताना पोरांनी एक सरडगुहिरा कुंपणावर गाठला. त्या दिवशी एक दगड माझ्याही हातून सुटला. तो पळाला नाही. त्याला पळता येतच नाही; वाऱ्यावर पान हलावं तसा मागेपुढे झुलत तो एकेक पाय टाकतो. आधी हिरवा होता. मग अंगावर काळे पट्टे उठले, गळा फुगला आणि तोंड वासून तो फिस्कारला. ‘बघा बघा, रंग बदलला!’ असं कुणीतरी ओरडलं आणि सगळ्यांना आणखी चेव चढला.

खोट्या माणसाला आपण ‘सरड्यासारखा रंग बदलतो’ म्हणतो. त्या काळ्या पट्ट्यांत खोटं काहीच नव्हतं. ती भीती होती आणि ती त्याने लपवली नव्हती.

पुढे तीस-बत्तीस वर्षं सरडा माझ्या आयुष्यात कुठेच नव्हता. २०१६ मध्ये मुलाने तेराव्या वाढदिवसाला शॅमेलिऑन मागितला. मी नाही म्हटलं. त्याने सहा महिने पुस्तकं वाचली, वही भरली, पिंजऱ्याचं चित्र काढून दाखवलं. शेवटी इथेच पैदास झालेलं एक पिल्लू घरी आलं, माझ्या करंगळीएवढं, कोवळ्या पोपटी रंगाचं. ही जात मूळची येमेनची आणि सौदी अरेबियाच्या नैर्ऋत्य भागातली. वर्षभरात त्याच्या डोक्यावर उंच, टोकदार तुरा चढला. मुलाला तो थेट पुणेरी पगडीसारखा वाटला आणि त्याचं नाव पंत पडलं.

कुत्र्या-मांजरासारखी या प्राण्याची माया मिळत नाही. तो एकटाच राहणारा. उचललेलं त्याला आवडत नाही, दुसरा सरडा नुसता समोर दिसला तरी तो काळवंडतो. वाटीतलं पाणी त्याला बहुधा पाणी वाटतच नाही. पानांवर थेंब पडले, चमकले, की मग तो ते टिपतो. एक डोळा तुमच्यावर, दुसरा किड्यावर. गणपतीला फुलं हवीत म्हणून मी कुंडीत जास्वंद वाढवली होती. पंतांनी तिची कोवळी पानं खायला सुरुवात केली, तेव्हा एक कुंडी देवाची आणि एक त्याची अशी वाटणी झाली. मी दारातून पाहायची. जवळ गेलं की त्याचा हिरवा मळायचा, दोन पावलं मागे सरलं की परत उजळायचा. किती अंतरावर उभं राहायचं, हे तो मला रंगाने सांगायचा. इतकं स्पष्ट मला माणसांतही फार थोड्यांनी सांगितलं आहे.

२०२१ मध्ये मुलगा कॉलेजला दूर गेला आणि पंत माझ्याकडे आला. आणि माझ्या हातून चूक झाली.

या प्राण्यांना उन्हातल्या अतिनील किरणांची गरज असते. त्या किरणांमुळे त्यांच्या त्वचेत ड-जीवनसत्त्व तयार होतं आणि मगच खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागतं. घरात त्यासाठी खास दिवा लावतात. सहा महिने ते वर्षभरात त्यातले हे किरण ओसरतात, पण उजेड तसाच पडत राहतो. मी रोज सकाळी बटण दाबत होते, दिवा लागत होता, आणि मला वाटत होतं सगळं ठीक आहे. मुलाने वहीत तारीख लिहून ठेवली होती. मी ती वही उघडलीच नव्हती. दीड वर्षाने पंतांचा पुढचा एक पाय कोपरात वाकडा दिसला. हाडं मऊ झाली होती. दिवा त्याच दिवशी बदलला, किड्यांवर कॅल्शियमची पूड नियमाने लावू लागले, हाडं पुन्हा बऱ्यापैकी घट्ट झाली. वाकलेला पाय वाकलेलाच राहिला. तो पाय रोज माझ्या डोळ्यांसमोर असायचा, आणि मी तो पाहायचं टाळलं नाही.

मग म्हातारपणाच्या खुणा दिसू लागल्या. पहिली खूण जिभेची. शॅमेलिऑनची जीभ म्हणजे त्याचा सगळा रुबाब. धडाच्या दुपटीपर्यंत लांब जाते आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत किडा घेऊन परत येते. पंतांची जीभ आता किड्याच्या अलीकडेच पडायची. तो नेम धरायचा, पुढे झुकायचा, जीभ टाकायचा आणि रिकामी ओढून घ्यायचा. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा. नंतर नेम धरणंच सोडायचा. मी चिमट्यात किडा धरून अगदी तोंडाजवळ नेऊ लागले. वरच्या फांद्या काढून खालच्या आडव्या बांधल्या, पकडायला सोप्या जाव्यात म्हणून त्यांवर काथ्या गुंडाळला, पडला तर लागू नये म्हणून तळाशी जाड टॉवेल घातला. दर रविवारी स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन. आधी १६० ग्रॅम असायचा. डिसेंबरात १३१ भरला.

जवळच्या एका दवाखान्यात मी त्याला तेव्हाच नेलं होतं. त्यांनी त्याला हातही न लावता ‘वय झालं’ एवढं सांगून परत पाठवलं. या दोन शब्दांचा मला मनापासून राग आहे. म्हातारपणी आजार येतात, पण वय हे कुठल्याही आजाराचं नाव नाही. दुखतंय का, कुठे दुखतंय, ते कमी करता येईल का, हे तीन प्रश्न विचारायचे असतात. समोर माणूस असो की सरडा.

नारिंगी डाग दिसला त्या दिवशी मी तासभर गाडी चालवून सरपटणाऱ्या प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी कागदाची घडी उघडून पाहिली, एकेक सांधा अलगद दाबला, क्ष-किरण आणि रक्ततपासणी केली. मनगटं आणि घोटे सुजले होते. मूत्रपिंडं थकली होती, युरिक अ‍ॅसिड बाहेर पडत नव्हतं, त्याचे स्फटिक सांध्यांत साचत होते. म्हणून तो वर चढत नव्हता. तो शांत झालाय असं मी समजत होते. त्याला प्रत्येक पाऊल टाकताना दुखत होतं. औषध दिलं अ‍ॅलोप्युरिनॉल, सुईशिवायच्या बारीक सिरिंजने रोज एक थेंब, आणि पाणी, भरपूर पाणी.

रात्री सांगोल्याला फोन लावला. आण्णांना, माझ्या वडिलांना, ऐंशी पार झालेली. औषधाचं नाव ऐकून ते म्हणाले, “अगं, ही तर माझी गोळी.” खरंच. पायाचा अंगठा लाल होऊन फुगतो म्हणून ते दहा वर्षं तीच गोळी घेत होते. मला हे ठाऊक होतं, पण दोन्ही गोष्टी मी शेजारी ठेवून पाहिल्या नव्हत्या. मग त्यांनी विचारलं, “लई ठणकत असंल का गं त्याला?” त्यांच्याएवढं त्या दुखण्याविषयी आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हतं. रात्री पांघरुणाचा स्पर्शही सोसत नाही, हे त्यांनी मला त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं. सरड्याचं निमित्त झालं नसतं तर सांगितलंच नसतं.

तेव्हापासून त्यांचा रोजचा पहिला प्रश्न ठरला. “काय रंग हाय आज पाव्हण्याचा?”

त्या महिन्यांत मी पुष्कळ वाचलं. जिनिव्हा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये मादागास्करच्या पँथर शॅमेलिऑनवर अभ्यास करून रंगबदलाचं गूढ उलगडलं. त्याच्या त्वचेतल्या काही पेशींत ग्वानीन नावाच्या द्रव्याचे अतिसूक्ष्म स्फटिक ओळीने रचलेले असतात. तो निवांत असताना ते जवळजवळ असतात आणि निळा प्रकाश परतवतात. त्वचेतल्या पिवळ्या रंगातून तो निळा आपल्याला हिरवा दिसतो. तो खवळला की स्फटिक लांब सरकतात, मग पिवळा, नारिंगी, लाल दिसू लागतो. म्हणजे हिरवा हा त्याच्या स्वस्थपणाचा रंग. आणि ग्वानीन व युरिक अ‍ॅसिड ही दोन्ही द्रव्यं एकाच प्युरीन घराण्यातली. स्फटिक कातडीत ओळीने उभे राहिले तर रंग, सांध्यांत साचले तर ठणका. सिरिंज हातात घेऊन मी कितीदा तरी हाच विचार करत उभी राहिले आहे.

फेब्रुवारीत सूज उतरली. विष्ठेतला पांढरा भाग पुन्हा पांढरा झाला. एका दुपारी तो मधल्या फांदीवर चढून दिव्याखाली अंग चपटं करून बसला, आणि मी आण्णांना फोन करून सांगितलं, “हिरवा! पुरता हिरवा!” ते फोनवर हसले ते अजून कानात आहे. असे सत्तावीस दिवस मिळाले. मी ते वहीत मोजले; मुलाच्याच वहीत, त्याच्या तारखांच्या खाली.

एप्रिलमध्ये तो दिवसाही डोळे मिटून बसू लागला. शॅमेलिऑन दिवसा डोळे मिटून बसला म्हणजे काहीतरी फार बिघडलं, हे आता मला शिकवावं लागत नव्हतं. वजन ११२ ग्रॅम. पाण्याचा थेंब ओठांवरून ओघळून जायचा. अंगावर मातकट तपकिरी रंग, तोही पसरट, पट्टे नसलेला. भ्यायलाही त्राण लागतं. डॉक्टरीणबाईंनी खोटी आशा लावली नाही. मुलगा रात्रीची बस पकडून आला. दवाखान्यातल्या टेबलावर त्याने पंतांना तळहातावर घेतलं, सहा वर्षांत पहिल्यांदा पंतांनी हात झिडकारला नाही. आधी गुंगी आली, मग दुसरं इंजेक्शन. बाहेर जमीन ओली होती, बर्फ नुकतं वितळलं होतं. पंत जास्वंदीच्या मोठ्या कुंडीत आहे, त्याच्या वाटणीच्या.

त्या ऑक्टोबरात मी सांगोल्याला गेले. आण्णांना घेऊन रिक्षाने बाजारातून परतताना रस्त्याच्या मधोमध एक हिरवं पान झुलताना दिसलं. मी रिक्षा थांबवायला लावली. सरडगुहिरा होता, पोटाने जड, मादी असावी. अंडी घालायला त्या झाडावरून उतरतात आणि जमीन उकरतात. मागून येणाऱ्या मोटारसायकलींना मी हात केला. एकाने शिवी दिली, दोघे थांबले. आण्णा काठी टेकत खाली उतरले आणि रस्त्यात उभे राहिले. चार मिनिटं लागली तिला. पलीकडच्या बोरीत शिरेपर्यंत तिच्या अंगावर काळे पट्टे होते, शिरल्यावर हळूहळू विरले.

आपल्याकडचा हा सरडा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहे. तो घरी आणू नका. पण पाऊस सरता सरता डांबरी रस्त्यावर असं झुलणारं पान दिसलं, तर गाडी बंद करा आणि थांबा. त्याला रस्ता ओलांडायला चार-पाच मिनिटं लागतात.