बोट बघायला जाताना

मंडळी, पंचाहत्तरी ओलांडल्यावर कुणी मला "मामा, स्पीडबोट कोणती घेऊ?" असं विचारेल, हे माझ्या स्वप्नातही नव्हतं. सायकल आणि नंतर लुना, यापलीकडे माझी वाहनांची हौस कधी गेली नाही. पण फ्लोरिडातल्या भाच्याला मामाची आठवण झाली ती नेमकी याच कामासाठी. त्याने दोन बोटींचे फोटो पाठवले आणि खाली लिहिलं, "तुम्ही नर्मदेवर बोटीतून हिंडला आहात. आराम आणि जागा कशी बघायची ते सांगा. वेगाचं मी बघतो."

पहिली बोट लांब, अरुंद, बाणासारख्या टोकाची. ताशी साठ-पासष्ट मैल पळणारी. दुसरी त्याच लांबीची, पण रुंद आणि सपाट बुडाची, गाद्याबिद्या असलेली. त्याचं मन पहिलीवर होतं हे फोटोंच्या संख्येवरूनच कळत होतं. पहिलीचे चौदा, दुसरीचे तीन!

घरात माणसं किती? तो, सूनबाई, दोन मुलं आणि माझी थोरली बहीण. ताई आता एकोणऐंशी वर्षांची आहे. दोन्ही गुडघे गेलेले, आणि हाडं ठिसूळ झाली आहेत असं डॉक्टरांनी सांगितलेलं. म्हणजे प्रश्न वाटतो तेवढा चैनीचा नव्हता.

आता तुम्ही म्हणाल, नंदुरबारच्या मास्तराला बोटीतलं काय कळतं? आमच्या जिल्ह्याला समुद्र नाही हे खरं. पण उत्तरेला नर्मदामाय आहे. महाराष्ट्राला नर्मदा लाभते ती उणीपुरी ५४ किलोमीटर, आणि ती सगळी आमच्या अक्कलकुवा आणि अक्राणी (धडगाव) तालुक्यांच्या काठाने. सरदार सरोवराचं पाणी चढत गेलं तसतशा जुन्या पायवाटा बुडाल्या. महाराष्ट्रातली ३३ गावं या बुडिताच्या यादीत आली, मणिबेली त्यातलं पहिलं. काठावर उरलेल्या पाड्यांना बाजार, दवाखाना, शाळा, सगळ्यासाठी बोट हाच रस्ता झाला. म्हणून २००४ च्या लोकसभा निवडणुकीत मतदान यंत्र मांडीवर घेऊन मीही एका इंजिनाच्या होडीत तीन-चार तास बसलो होतो. त्या तीन-चार तासांत मला जे कळलं ते कुठल्याही रंगीत पुस्तिकेत नसतं.

एक म्हणजे, बसायला फळी आहे आणि पाठीला टेका नाही, ही गोष्ट पहिल्या दहा मिनिटांत लक्षातही येत नाही. दुसऱ्या तासाला दुसरं काही सुचत नाही. दुसरं म्हणजे आवाज. उतरल्यावर संध्याकाळपर्यंत माझ्या कानात इंजिन चालूच होतं. तिसरं, धूर. वारा मागून असला की इंजिनाचा धूर थेट माणसांवर येतो. आणि चौथं, जागा नुसती टेकायला पुरत नाही, पाय सोडायलाही लागते. आमच्यातल्या एका गुरुजींची कंबर अशी धरली की दुसऱ्या दिवशी मतदान केंद्रावर त्यांनी उभ्यानेच काम केलं.

भाच्याला मी पहिलं उत्तर दिलं ते मात्र नर्मदेवरचं नव्हे, सारंगखेड्याचं. तापीकाठी दत्तजयंतीला तिथे घोड्यांची मोठी यात्रा भरते. लहानपणी तोही माझ्याबरोबर आला होता. तिथला जाणता गिऱ्हाईक दावणीला बांधलेला घोडा बघून पैसे मोजत नाही. रंग बघतो, भोवरे बघतो, दात बघतो, पण शेवटी म्हणतो, "चालवून दाखव." रेवाल चालीचा घोडा पळताना स्वाराला हिसका बसू देत नाही, आणि किंमत त्या चालीला असते. बोटीचंही तसंच. धक्क्याला बांधलेली बोट म्हणजे दावणीचा घोडा. गाद्या किती मऊ हे तिथे कळेल. चाल कळायची तर पाण्यावर जावं लागतं, आणि तेही वारा सुटलेला असताना, घरच्या सगळ्या माणसांना घेऊन.

ही चाल येते कुठून? बुडाच्या आकारातून. इथे माझ्यातला मास्तर जागा झाला, माफ करा! सपाट बुडाची बोट उभी असताना पाटासारखी स्थिर असते, आत जागाही भरपूर निघते. पण वेग घेतला आणि लाट आली की ती लाटेवर आपटते, आणि तो दणका सरळ बसलेल्याच्या मणक्यात जातो. खोल, इंग्रजी व्ही अक्षरासारख्या बुडाची बोट लाट कापत जाते, दणका कमी होतो. अमेरिकन आरेखक रेमंड हंट यांनी असं बूड वेगवान बोटींना दिलं, आणि १९६० च्या मायामी-नासाऊ शर्यतीत खवळलेल्या समुद्रात त्यांच्या आराखड्याची 'मॉपी' पहिली आली. तेव्हापासून वेगाच्या बोटींचं बूड साधारण याच वळणाचं झालं. शर्यतीच्या वळणाच्या बोटींत मागच्या टोकाशीही बुडाचा उतार चोवीस अंशांच्या आसपास असतो. पण फुकट काही मिळत नाही. असं बूड उभ्या बोटीला जास्त डुलवतं, तेवढ्याच वेगाला जास्त इंधन पितं, आणि आतली जागाही खातं.

दुसरी गोष्ट, बसायचं कुठे. वेगात बोटीचं नाक वरखाली होतं, मागचा भाग त्या मानाने शांत असतो. एस.टी.च्या नेमकं उलट! एस.टी.त मागच्या बाकावरचा उडतो, इथे पुढचा. लहान वेगवान बोटीत नाकाकडे बसलेल्यांचे मणके दबून मोडल्याची उदाहरणं आहेत. आणि गंमत अशी की पुस्तिकेतल्या फोटोत सगळ्यात देखणी बैठक नाकावरच असते. म्हणून भाच्याला लिहिलं, "बोट सहाजणांची म्हणत असतील तर मागच्या निम्म्या भागात किती जण पाठ टेकून बसतात ते मोज. तुझ्या बोटीची खरी जागा तेवढीच."

जागा मोजण्याचा आमचा घरगुती नियमही त्याला कळवला. फुटांची लांबी फसवी असते. अरुंद बोटीची लांबी टोकात जाते आणि तिथे दोरखंडाशिवाय काही मावत नाही. त्यापेक्षा रुंदी बघ. काठ किती उंच आहे बघ, उभ्या माणसाच्या मांडीपर्यंत आला तर मूल कलंडणार नाही. केबिन असेल तर आत जाऊन बस, डोकं टेकतं का बघ. खुर्चीच्या बैठकीखाली धक्का शोषणारी स्प्रिंग आहे का विचार. प्रत्येक माणसाला धरायला दांडी हवी, ती बसल्या जागी हाताला लागायला हवी. सावली हवी. आणि संडास आहे का, हेही विचार. त्यात लाजायचं काय? एकोणऐंशी वर्षांच्या बाईला दोन तास पाण्यावर न्यायचं तर हाच पहिला प्रश्न आहे.

आणि चढणं-उतरणं! याकडे तरुण माणसांचं लक्षच जात नाही. आमच्याकडे तर हा मोठाच प्रश्न आहे. सरदार सरोवर पूर्ण भरलं की पाणी १३८.६८ मीटरवर असतं. सप्टेंबर २०१९ मध्ये ते पहिल्यांदा तिथवर पोचलं. किमान पातळी आहे ११०.६४ मीटर. म्हणजे २८ मीटरचा फरक, नऊ मजली इमारतीएवढा. पक्का धक्का बांधायचा तरी कुठे? आज जिथे बोट लागते तिथे चार महिन्यांनी उतरणीचा चिखल असतो. त्या चिखलातून डोक्यावर पोतं, कडेवर पोर घेऊन बायका फळीवरून चढतात. त्या फळीवर ज्याचा पाय घसरला त्याला बोटीचा वेग सांगून उपयोग नाही.

मग माणसं किती घ्यायची? अमेरिकेत वीस फुटांखालच्या साध्या मोटरबोटीवर किती माणसं आणि किती वजन चालेल याची पाटी लावावीच लागते. आपल्याकडे अशी पाटी बऱ्याचदा मनातही नसते. १५ जानेवारी २०१९ ला, संक्रांतीच्या दिवशी, आमच्याच धडगाव तालुक्यात भुशाजवळ नर्मदेत बोट उलटली. साठाच्या आसपास माणसं तीत बसली होती. सणाला निघालेल्या घरांतली लेकरं गेली. १८ डिसेंबर २०२४ ला मुंबईत गेटवेहून घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' बोटीवर, इंजिनाची चाचणी चाललेली नौदलाची स्पीडबोट आदळली. पंधरा माणसं गेली. 'नीलकमल'ला परवाना होता ८४ प्रवाशांचा, आत होती शंभरावर. अपघाताचं कारण गर्दी नव्हतं, पण बुडत्या बोटीत प्रत्येक जादा माणसामागे एक जीवरक्षक जाकीट कमी पडतं. जागा हा शब्द आपण आरामाच्या खात्यात मांडतो. पाण्यावर तो जिवाच्या खात्यात असतो.

भाचा माझं ऐकून एका रविवारी सगळ्यांना घेऊन दोन्ही बोटी बघून आला. निकाल त्याच्या अपेक्षेप्रमाणे लागला नाही आणि माझ्याही नाही. रुंद बोट धक्क्याला असताना ताईला फार आवडली, पण खाडीत वारा सुटल्यावर ती अशी आपटायला लागली की दहा मिनिटांत परत फिरावं लागलं. अरुंद बोट लाटांत सुरेख चालली, पण तीत ताईला चढवायला दोघांनी उचलावं लागलं, आणि बसल्यावर तिच्या पायांना जागा नव्हती.

त्या रात्री ताईचा मला फोन आला. म्हणाली, "त्याला सांग, त्याला हवी ती घे म्हणावं. मी काठावर बसेन खुर्ची टाकून. मला काय, पाणी दिसलं की झालं."

मंडळी, हे वाक्य तुम्हीही आपापल्या घरात ऐकलं असेल. गाडीत जागा कमी पडली की, "तुम्ही जा, मी घर सांभाळते." लग्नाला जायचं असलं की, "मला कुठे एवढा प्रवास झेपतोय." म्हातारी माणसं जागेच्या हिशेबातून स्वतःच स्वतःला वजा करतात, आणि आपण "आईची इच्छाच नव्हती" म्हणून मोकळे होतो. मी भाच्याला स्पष्ट लिहिलं, "आईचं हे वाक्य ऐकू नकोस. बोटीत कोण बसणार हे आधी ठरव, मग बोट बघ." त्याने दोन्ही बोटी सोडल्या. आता तो मधल्या वळणाची शोधतो आहे. बूड बऱ्यापैकी खोल, रुंदी जरा जास्त, मागून सपाट पायरीने आत जाता येईल अशी, वेग कमी असला तरी चालेल. अजून मिळालेली नाही. मिळेल.

पण या पत्रव्यवहाराने माझं मन पुन्हा आमच्या खोऱ्याकडे गेलं. २०२० च्या टाळेबंदीत चिमलखेडीच्या अंगणवाडीसेविका रेलू वसावे स्वतः होडी वल्हवत अलीगाट आणि दादरच्या पाड्यांवरच्या गरोदर बायका आणि बाळांपर्यंत जात होत्या, दिवसाकाठी सुमारे १८ किलोमीटर. बायका अंगणवाडीपर्यंत येऊ शकत नव्हत्या म्हणून अंगणवाडीच त्यांच्याकडे गेली. २०२१ मध्ये लसही काही गावांत बोटीनेच पोचली. आमच्याकडे तरंगता दवाखाना आहे, बोट अँब्युलन्स आहे. या बोटींची चर्चा निघाली की पहिला प्रश्न असतो, पळते किती? प्रश्न बरोबरच आहे, कळा सुरू झालेल्या बाईला वेळ मोलाचा असतो. पण त्याच्या जोडीला हेही विचारायला हवं, की तिला पूर्ण आडवं होता येतं का? शेजारी सासूला किंवा दाईला बसता येतं का? लाटेचा दणका तिच्या पोटाला बसतो का? उतरणीच्या चिखलातून झोळी थेट आत नेता येते का? बाळंतपण वाटेतच झालं तर आडोसा आहे का?

भाच्याच्या बोटीसाठी मी जे प्रश्न काढले तेच हे प्रश्न आहेत. फरक एवढाच, की फ्लोरिडात उत्तर चुकलं तर एक रविवार वाया जातो.

तुमच्यापैकी कुणी जलप्रवासाच्या किंवा आरोग्याच्या कामात असाल, तर अशा बोटीत आणखी काय हवं ते मला जरूर कळवा. मी यादी वहीत लिहायला घेतली आहे. सध्या ती अकरा प्रश्नांवर आली आहे, आणि 'वेग किती' हा त्यात पाचवा आहे.