अण्णा, बार्बेक्यू आणि लाकडांचा ढीग

बरेच दिवस हे लिहायचं लिहायचं म्हणत होते. गेल्या उन्हाळ्यात अण्णा तीन महिने आमच्याकडे राहून गेले, तेव्हापासून. अर्धं लिहून दोनदा पुसलं. का पुसलं ते पुढे कळेलच.

आई आली नव्हती. तिच्या गुडघ्यांनी वीस तासांच्या प्रवासाला साफ नकार दिला. त्यामुळे अण्णा एकटेच, गळ्यात पासपोर्टची पिशवी अडकवून, एका हातात चटण्यांची बॅग घेऊन कॅन्सस सिटीला उतरले. पहिला आठवडा घर बघण्यात गेला. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी मला विचारलं, "इथं माणसं कुठं राहतात?" ओव्हरलँड पार्कमध्ये राहणाऱ्याला या प्रश्नाचं उत्तर देणं अवघड आहे. सकाळी फिरायला जावं तर रस्त्यावर फक्त आपणच. जन्म एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये आणि कराडच्या मंडईत गेलेला माणूस, त्याला हे हिरवंगार स्मशान कसं मानवणार? जेवणही कमी झालं होतं. मी केलेल्या मटणाला "बरं झालंय" म्हणायचे. आमच्या घरात "बरं झालंय" म्हणजे काय ते नातेवाइकांना सांगायला नको.

म्हटलं, चला, दर शनिवारी तुम्हाला इथलं बार्बेक्यू खाऊ घालते. सगळ्यात चांगलं कुठलं ते तुम्ही ठरवा.

या गावात हा प्रश्न विचारणं म्हणजे पुण्यात चांगली मिसळ कुठली असं विचारण्यासारखं आहे. चार माणसं, पाच उत्तरं, आणि वर थोडं भांडण. गावही मजेशीर आहे. नाव कॅन्सस सिटी, पण मोठं शहर मिझुरी राज्यात, आणि धाकटं कॅन्सस राज्यात. मध्ये स्टेट लाइन नावाचा रस्ता आहे, त्याच्या एका बाजूला एक राज्य, दुसऱ्या बाजूला दुसरं. अण्णांना हे फार आवडलं. तो रस्ता आला की दर वेळी "आता मिझुरी... आता परत कॅन्सस" असं म्हणायचे. आमच्या चिरंजीवांनाही (वय वर्षे नऊ) तो नाद लागला.

सुरुवात गेट्सपासून केली. तिथे दारातून पाऊल टाकलं की काउंटरवरची बाई ओरडते, "हाय, मे आय हेल्प यू?" तुम्ही अजून फळा वाचलेला नसतो, काय घ्यायचं ते ठरलेलं नसतं, तरी उत्तर द्यावंच लागतं. अण्णा दचकलेच. मग म्हणाले, "आपल्या कंट्रोलरसारखी आहे." मी रिब्ज घ्यायला लागले तर म्हणाले, डुक्कर नको. ते आपल्याकडे कधी झालं नाही, आता या वयात कशाला. ठीक. चिकन घेतलं. धुराची चव त्यांना आवडली, सॉस आवडला नाही. "मटणावर गूळ कोण घालतं?" म्हणाले. (चिकन होतं, पण अण्णांच्या लेखी सगळं मटणच.) खरं तर कॅन्सस सिटीत गोड आणि दाट सॉसचा बोलबाला असला तरी गेट्सचा सॉस त्यातल्या त्यात कमी गोड. पण वाद घातला नाही.

दुसऱ्या शनिवारी फसलो. घराजवळच्या एका नव्या, चकाचक ठिकाणी गेलो होतो. नाव लिहीत नाही. इंटरनेटवर लोकांनी तारेच तारे दिलेले. मांस असं सुटत होतं की आधी उकडून घेतलंय हे मलाही कळलं. अण्णांनी दोन घास खाल्ले, हात पुसले आणि "जरा पाय मोकळे करून येतो" म्हणून बाहेर गेले. दहा मिनिटं झाली तरी पत्ता नाही. जाऊन बघते तर हॉटेलच्या मागच्या बाजूला कचऱ्याच्या डब्यांपाशी उभे.

"इथं लाकूडच नाही," म्हणाले. "धुराडं बघ. काजळी धरलेली नाही. हे गॅसवर चाललंय सगळं."

तेव्हापासून आमची पद्धत ठरून गेली. कुठेही गेलं की आधी गाडी मागून वळवायची. लाकडं रचलेली दिसली तर उतरायचं. हिकरी आणि ओक, ही इथली मुख्य लाकडं. हिकरीची ढलपी हातात घेऊन अण्णा म्हणाले, बाभळीसारखं जड आहे, निखारा टिकेल. पस्तीस वर्षं इंजिनं उघडून बसलेला माणूस, त्याला पदार्थाच्या आधी यंत्र बघायचं असतं. एल.सी.'ज नावाचं एक जुनं, साधं ठिकाण आहे ब्लू पार्कवेवर. तिथे धुराचा वास रस्त्यापर्यंत येतो. तिथे त्यांनी भिंती, छत, सगळीकडे बसलेला धूर बघितला आणि न खाताच पास करून टाकलं :)

जॅक स्टॅकमध्ये मात्र त्यांना हवं ते मिळालं. तिथे लॅम्ब रिब्ज मिळतात, म्हणजे मेंढराच्या बरगड्या. बाहेरून काळपट खरपूस, आत चरबी विरघळून मऊ. अण्णांनी पहिली बरगडी उचलली, खाल्ली, आणि काही बोलले नाहीत. दुसरी खाल्ली. मग म्हणाले, "जत्रेतलं मटण आठवलं." एवढंच. त्या रात्री आईला फोन करून त्यांनी त्या बरगड्यांचं वर्णन सव्वा तास केलं. मी मनात म्हटलं, जिंकले. इथे थांबायला हवं होतं.

पण मला त्यांना आर्थर ब्रायंट्सला न्यायचंच होतं. बार्बेक्यूचं या गावातलं सगळं घराणं तिथे जाऊन मिळतं. हेन्री पेरी नावाचा एक कृष्णवर्णीय माणूस मेम्फिसकडून बोटींवर स्वयंपाक करत करत इकडे आला आणि १९०८ मध्ये एका गल्लीत भाजलेलं मांस वर्तमानपत्रात गुंडाळून विकू लागला, पंचवीस सेंटला. त्याच्या पश्चात ते दुकान चार्ली ब्रायंटकडे आलं, आणि १९४६ मध्ये चार्लीचा भाऊ आर्थर याच्याकडे. पेरीच्याच हाताखाली तयार झालेला दुसरा एक माणूस, आर्थर पिंकार्ड, गेट्सच्या भट्टीवर होता. म्हणजे एका गुरूचे दोन शिष्य, आणि त्यांचे पंथ अजून एकमेकांशी स्पर्धा करतायत. १९७२ मध्ये कॅल्विन ट्रिलिन या इथल्याच लेखकाने, ब्रायंट्स हे जगातलं सर्वोत्तम रेस्टॉरंट असू शकेल असं लिहून टाकलं, आणि मग काय, लोक बाहेरगावाहून येऊ लागले. आत अजूनही साधी टेबलं, काउंटरवर रांग, सँडविच म्हणजे पांढऱ्या पावावर मांसाचा डोंगर.

आणि ते मांस मुख्यतः कुठलं? तर गाईबैलांचं. टेक्ससमधून गुरं यायची, रेल्वे इथे मिळायच्या, १८७१ मध्ये इथे गुरांचे मोठमोठे गोठे आणि बाजार उभे राहिले, शिकागोच्या खालोखाल. १९९१ पर्यंत ते चालू होते. ब्रिस्केट, म्हणजे छातीचा भाग, चिवट म्हणून स्वस्त. तो २२५ ते २५० फॅरनहाइटला (आपले साधारण ११० ते १२० अंश) दहा-बारा तास धुरात ठेवला की त्याचं लोणी होतं. त्याची काळी पडलेली टोकं पूर्वी कापून काउंटरवर बाजूला ठेवायचे, रांगेतल्या माणसाने फुकट उचलून तोंडात टाकावी. आता त्या 'बर्न्ट एंड्स'ची वेगळी किंमत आहे, आणि कॅन्सस सिटीचं नाव त्यांच्यावरच चालतं.

हे सगळं मी अण्णांना गाडीत सांगितलं. फक्त प्राण्याचं नाव सांगितलं नाही.

रांगेत उभे होतो. मी स्वतःसाठी टर्की मागितलं. चिरंजीव मोठ्याने म्हणाले, "आई, तू तुझे बर्न्ट एंड्स नाही घेणार?"

"ते काय असतं?" अण्णांनी विचारलं.

"ब्रिस्केट, आजोबा. काऊ. आईचं फेव्हरिट आहे."

मुलाची काही चूक नाही. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं की ही गोष्ट लपवायची असते.

अण्णा काही बोलले नाहीत. आम्ही बसलो, त्यांनी थोडे फ्राइज खाल्ले. परत येताना स्टेट लाइन आला तेव्हा मागच्या सीटवरून "आता कॅन्सस" असं एकट्या चिरंजीवांचाच आवाज आला.

तर नातेवाईकहो, हे असं आहे. मी बीफ खाते. एम.एस.ला असल्यापासून खाते, म्हणजे बारा वर्षं होऊन गेली. पहिल्यांदा चुकून खाल्लं असं सांगायची पद्धत आहे, पण मी चुकून खाल्लं नव्हतं. सगळे खात होते, वास चांगला येत होता, मी खाल्लं.

रात्री नऊला, म्हणजे तिकडे सकाळी साडेसातला, अण्णांनी आईला फोन लावला. स्पीकरवर. हॉलमध्ये, मी ओट्यापाशी उभी असताना.

"तुला माहीत होतं?"

आईने कशाबद्दल असंही विचारलं नाही. "हो," म्हणाली. "पहिल्या वेळेला आली तेव्हाच सांगितलं तिनं मला."

"मला का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर काय केलं असतंत? चार दिवस जेवला नसतात. ते कुणाला निस्तरायला लागलं असतं?"

अण्णांनी फोन ठेवला. मला वाटलं होतं की बैल, शेती, देवधर्म असं काहीतरी येईल. त्याची उत्तरंही मी बारा वर्षं मनात तयार करून ठेवली होती. ती काही उपयोगाला आली नाहीत. ते एवढंच म्हणाले, "बारा वर्षं तुम्ही दोघी माझ्या पाठीमागं बोलत होता." आणि झोपायला गेले.

पुढचा आठवडा आमचा "चहा ठेवू का", "ठेव" एवढ्यावर गेला. नवऱ्याने मध्यस्थी करायचा प्रयत्न केला, पण तो शाकाहारी. त्याच्या मते आम्ही दोघंही सारखेच दोषी, त्यामुळे त्याचा उपयोग शून्य.

शनिवारी सकाळी दहाला अण्णा बूट घालून सोफ्यावर बसले होते. "आज कुठं?" म्हणाले.

जोज कॅन्सस सिटीला गेलो. हे चक्क पेट्रोल पंपावर आहे, मिशन रोडवर. २०१४ पर्यंत त्याचं नाव ओक्लाहोमा जोज होतं, जुने लोक अजून तेच म्हणतात. इकडे गाडीत पेट्रोल भरणारे आणि तिकडे दारापर्यंत रांग. अण्णा खूश. आयुष्यात पहिल्यांदा डिझेलचा आणि जेवणाचा वास एकत्र आल्याबद्दल कुणी तक्रार करत नाहीये म्हणाले. रांगेत रंगकामवाले, टाय लावलेले, युनिफॉर्ममधले पोलीस, सगळे एकामागे एक. लाकडांचा ढीगही पास झाला.

काउंटर जवळ आला तेव्हा ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुला जे पाहिजे ते घे. माझ्यासमोर खोटं खाऊ नकोस."

मी घेतले. बर्न्ट एंड्स ठरावीक दिवशीच असतात तिथे, त्या दिवशी नव्हते, म्हणून ब्रिस्केटचं सँडविच घेतलं. अण्णांनी चिकन घेतलं आणि खुर्ची थोडी खिडकीकडे वळवून बसले. मी खाल्लं. घास घशाखाली उतरला नाही वगैरे लिहिलं तर छान दिसेल, पण उतरला. चांगलं होतं ते.

खाता खाता ते एकदम बोलायला लागले. त्यांच्या लहानपणी घरी बैलजोडी होती. बेंदराला शिंगं रंगवायचं काम अण्णांकडे. त्यातला एक म्हातारा झाला आणि एका गुरुवारी आजोबा त्याला बाजारात घेऊन गेले. रिकामा कासरा घेऊन परत आले. "कुणाला दिला, कुठं गेला, कुणी सांगितलं नाही. आम्हीपण विचारलं नाही. सगळ्यांना माहीत होतं." मग बोटं पुसत म्हणाले, "आमच्या घरात ही रीतच आहे म्हणायची."

मी काय बोलणार? चिरंजीव मध्येच म्हणाले, त्या बैलाचं नाव काय होतं? नाव अण्णांना आठवलं नाही. त्याचा त्यांना उगीचच त्रास झाला, दिवसभर आठवत होते.

निघताना त्यांनी विचारलं, "हे रात्रभर शिजतं म्हणालीस ना. मग जागतं कोण?" मी म्हटलं, असतो कुणीतरी, भट्टीपाशी. अण्णा जत्रेत मटणाच्या पातेल्यांपाशी रात्रभर बसायचे, आणि सकाळी त्यांच्या शर्टाला धुराचा वास यायचा, तो मला अजून आठवतो. ते पंपाच्या मागे गेले, दोन मिनिटं नुसते उभे राहिले, आणि परत आले.

सर्वोत्तम कुठलं, याचा निकाल त्यांनी विमानतळावर दिला. लॅम्ब रिब्जना पहिला नंबर. जोजला दुसरा, पण "पेट्रोल पंपाचे मार्क जादा" असा शेरा. ब्रायंट्सचं नाव त्यांनी घेतलं नाही, मीही काढलं नाही. ती भेट मला पुन्हा एकदा नीट करायची आहे.

कराडला पोचल्यावर त्यांनी गल्लीत सगळ्यांना बरगड्यांची गोष्ट सांगितली म्हणे. बाकीचं सांगितलं नाही. म्हणून लिहिण्याआधी मी त्यांना विचारलं, लिहू का? काका वाचतात, आत्या वाचतात. म्हणाले, लिही, पण आधी मला वाचून दाखव.

काल फोनवर सगळं वाचून दाखवलं. बैलाचा भाग झाल्यावर थोडा वेळ पलीकडून आवाज आला नाही. मला वाटलं लाइन गेली. मग त्यांनी एकच दुरुस्ती सांगितली. "'अण्णा काही बोलले नाहीत' असं लिहिलंयस. लोकांना वाटेल मी समजूतदारपणा दाखवला. मी रागावलो होतो, ते लिही."

तर, अण्णा रागावले होते.