आयत्या शिकारीवर ग्रिझली

अमेरिकेतल्या महाराष्ट्र मंडळांत अस्वलांवर बोलायला गेले की दोन प्रश्न हमखास येतात. पहिला ‘द रेव्हनंट’ सिनेमात डिकॅप्रिओला फाडणाऱ्या अस्वलाबद्दलचा. त्याचं उत्तर सोपं आहे: ती पिल्लांची आई होती, तिला भूक लागली नव्हती. दुसरा प्रश्न जरा तिरका असतो. “ग्रिझली स्वतः शिकार करतं, की मेलेलं खातं?” विचारणाऱ्याच्या मनात बहुधा निवाडा आधीच तयार असतो. शिकार करणारा तो मर्द, मेलेलं खाणारा तो हलका. वाघ राजा आणि तरस भिकारडं. ही उतरंड आपली आहे, आपणच ती जंगलावर लादली आहे. ग्रिझलीला तिचा पत्ता नाही. ते सोमवारी मारतं, मंगळवारी हिसकावतं, बुधवारी कुजलेलं खातं आणि गुरुवारी गवत चरतं.

माझं काम यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरातलं, आणि खरं सांगायचं तर अस्वलापेक्षा त्याने मागे ठेवलेल्या उष्ट्याशीच माझा संबंध जास्त.

महाराष्ट्रातल्या वाचकाच्या डोळ्यांपुढे अस्वल म्हटलं की येतं ते काळं, झिपरं, वारूळ फोडून वाळवी ओढणारं, मोहाच्या फुलांवर ताव मारणारं. ते मांसाच्या वाटेला क्वचितच जातं. ग्रिझलीचं सख्खं नातं आहे ते हिमालयातल्या तपकिरी अस्वलाशी. दोघांची जात एकच, उपजात तेवढी निराळी. आणि या जातीची गंमत अशी की पूर्वज मांसाहारी, आतडी मांसाहाऱ्याची, पण दाढा मात्र सपाट, दळायच्या. लांडग्याच्या दाढा कात्रीसारख्या कापतात, तशी धार ग्रिझलीच्या दाढांना उरलेली नाही. गाईसारखी चार कप्प्यांची कोठीही पोटात नाही. त्यामुळे मांस खाल्लं तर जवळजवळ सगळं अंगी लागतं, गवत खाल्लं तर बराचसा भाग जसाच्या तसा बाहेर पडतो. म्हणून ग्रिझली कोवळंच गवत खातं, कंद उकरतं, मुंग्या चाटतं, आणि मांसाचा वास आला की हातातलं सगळं सोडून निघतं. यलोस्टोनच्या परिसरातल्या ग्रिझलींच्या आहाराची जी यादी २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली, तिच्यात वनस्पती, प्राणी, कीटक, बुरशी मिळून २६६ जाती आहेत. एवढी लांब यादी असणाऱ्याला ‘शिकारी की मृतभक्षी’ असं एका खणात कोंबायचं म्हणजे अन्यायच.

वर्षाची सुरुवात मढ्यांपासून होते. मार्चमध्ये मोठे नर गुहेतून बाहेर पडतात. पिल्लंवाल्या माद्या त्यानंतर, एप्रिल-मेपर्यंत. पाच महिने पोटात अन्नाचा कण नाही, चरबी उतरलेली, आणि बाहेर अजून बर्फ. हिरवं काही उगवलेलं नसतं. पण हिवाळ्याने आपलं काम केलेलं असतं. थंडीत, उपाशीपोटी कोलमडलेले एल्क (सांबराच्या कुळातलं, पण त्याच्याहून थोराड हरीण) आणि बायसन बर्फाखाली पडून असतात. गरम पाण्याच्या झऱ्यांच्या आसपासच्या जमिनीवर बर्फ कमी, म्हणून बायसन हिवाळा तिथे काढतात आणि त्यांतले काही तिथेच मरतात. अस्वलं नेमकी तिकडे वळतात. पाचशे किलोंचं धूड, बर्फात टिकलेलं, राखायला कोणी नाही. अशा वेळी शिकारीच्या मागे धावण्यात काय शहाणपण?

आता हे कसं कळतं, की अस्वलाने मारलं की आयतं मिळालं? मढ्यावर अस्वल बसलेलं दिसलं म्हणजे त्यानेच मारलं असं होत नाही. अस्वल निघून गेल्याची खात्री झाल्यावर आम्ही तीन-चार जण मोठ्याने बोलत, टाळ्या वाजवत तिथे जातो. दोघे फक्त चहूकडे नजर ठेवतात, त्यांनी खाली बघायचं नाही. मी खाली बसते आणि आधी कातडी सोलते. जिवंत जनावराला दात लागला तर कातडीखाली रक्त साकळतं, काळपट-जांभळा डाग उमटतो. मेलेल्याला दात लावला तर काही साकळत नाही, कारण रक्त ढकलणारं हृदयच थांबलेलं असतं. मानेवर, पाठीच्या कण्यावर, नाकाच्या हाडावर असे डाग आणि सुळ्यांमधलं अंतर रुंद असेल तर संशय अस्वलावर. मागच्या पायांवर आणि गळ्यावर चावे असतील तर लांडगे. मग मांडीचं हाड फोडायचं. मटणाच्या नळीतला मगज चोखलेल्यांना हे चटकन कळेल: धडधाकट जनावराचा मगज पांढरा आणि घट्ट असतो, उपासाने खंगलेल्याचा लाल आणि लिबलिबीत. शरीर आपली चरबी सगळ्यात शेवटी तिथून काढतं. मगज लाल, कातडीखाली रक्त नाही, म्हणजे हे जनावर हिवाळ्याने मारलं, अस्वल फक्त जेवायला आलं.

जेवायची तऱ्हाही पाहण्यासारखी. लांडग्यांचं टोळकं हाडं चहूकडे विखरून टाकतं. डोंगरी सिंह, म्हणजे प्यूमा, आधी केस उपटतो आणि मग नीटनेटकं झाकून जातो. ग्रिझली कातडी मोज्यासारखी उलटी करून सोलतं आणि पोट भरलं की उरलेल्यावर माती, गवताचे गड्डे, फांद्या ओढून ढीग करतं. पुष्कळदा त्या ढिगावरच झोपतं. सप्टेंबर २०२० मध्ये यलोस्टोनमधल्या हेडन व्हॅलीत एका ग्रिझलीने भरदार शिंगांच्या नर एल्कला नदीत गाठून मारलं, काठावर ओढलं, पुरलं आणि पुढचे काही दिवस राखण केली. रस्त्यावरून पर्यटक हे सगळं बघत होते. त्या चित्रणामुळे ‘ग्रिझली मोठी शिकार करत नाही’ म्हणणाऱ्यांची तोंडं बंद झाली, पण म्हणून तो नेहमीचा प्रकार ठरत नाही. पूर्ण वाढलेल्या एल्कमागे धावणं हा ग्रिझलीसाठी बहुतेक वेळा तोट्याचा सौदा असतो.

फायद्याचा सौदा असतो मेअखेर ते जून. एल्कच्या माद्या तेव्हा वितात. पंधराएक किलोंचं पाडस पहिले काही दिवस झुडपात निपचित पडून राहतं. अंगाला वास जवळजवळ नाही, हालचाल नाही. लपण्याची ही युक्ती लांडग्यांपुढे बऱ्यापैकी चालते. ग्रिझलीपुढे चालत नाही, कारण ते माग काढत बसतच नाही. ते सेजब्रशच्या माळावर नांगरणी केल्यासारखं आडवं-उभं फिरत राहतं, झुडपामागून झुडूप, तासन्‌तास, कंटाळा न करता. पाडस पायाखाली आलं की संपलं. २००३ ते २००५ मध्ये यलोस्टोनच्या उत्तर भागात नवजात पाडसांच्या कानांना छोटे ट्रान्समीटर लावून कोण कशाने मरतं ते पाहिलं गेलं. पहिल्या महिन्यात मेलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त पाडसं अस्वलांनी, म्हणजे ग्रिझली आणि काळी अस्वलं मिळून, मारलेली होती. लांडग्यांचा वाटा त्याच्या जवळपासही नव्हता. लांडगे परत आणल्यावर एल्क कमी झाले तेव्हा गावागावांत लांडग्यांच्या नावाने बोटं मोडली जात होती. अस्वलांना कोणी काही बोललं नाही. महिनाभरात पाडसं पळायला लागली की हा हंगाम आटोपतो आणि अस्वलं पुन्हा गवताकडे वळतात.

लांडग्यांवरून आठवलं. १९९५ आणि १९९६ मध्ये कॅनडातून आणून लांडगे यलोस्टोनमध्ये सोडले, तेव्हा ग्रिझलींच्या हाती जणू आयती खानावळच लागली. लांडग्यांनी जिवावर उदार होऊन एल्क पाडायचा आणि तासाभरात अस्वलाने येऊन बसायचं. पेलिकन व्हॅलीत तर अस्वलं जागी असण्याच्या काळात लांडग्यांची क्वचितच एखादी शिकार बिनबोभाट पार पडते. आठ-दहा लांडगे चावे काढतात, शेपटी ओढतात. अस्वल मानही वर करत नाही.

साधा हिशेब असा, की अस्वलाने पळवलं तर लांडग्यांना जास्त शिकार करावी लागेल. आम्हा सगळ्यांना तसंच वाटत होतं. २०१७ मध्ये यलोस्टोन आणि स्कँडिनेव्हिया अशा दोन्हीकडची माहिती एकत्र मांडली गेली आणि उलटंच निघालं. जिथे अस्वलं, तिथे लांडग्यांच्या दोन शिकारींमधलं अंतर वाढलेलं. एक कारण असं सांगतात की अस्वल उठण्याची वाट बघत लांडगे जवळच घुटमळतात. दुसरं, पाडसांच्या हंगामात सोपी शिकार अस्वलंच संपवतात, उरलेल्यासाठी लांडग्यांना जास्त भटकावं लागतं. मला दुसरं जास्त पटतं, पण दोन्ही एकाच वेळी खरी असू शकतात.

ग्रिझली मांस किती खाणार हे एल्कच्या संख्येवरच ठरत नाही. माशांवर ठरतं, झाडांवर ठरतं. यलोस्टोन सरोवरातले कटथ्रोट ट्राउट अंडी घालायला उथळ ओढ्यांत चढायचे आणि अस्वलं काठावर बसून ते उचलायची. १९९४ मध्ये सरोवरात बाहेरचा लेक ट्राउट सापडला, कोणीतरी सोडलेला. तो खोल पाण्यात अंडी घालतो, ओढ्यात येतच नाही, आणि कटथ्रोटला मात्र खाऊन टाकतो. कटथ्रोट रोडावले. मासा गेला तेव्हा अस्वलांनी एल्कच्या पाडसांकडे मोर्चा वळवला. सरोवरात सोडलेल्या माशाची झळ दुरून चालून येणाऱ्या एल्कच्या कळपांना बसली, ती अशी. डोंगरमाथ्यावरच्या व्हाइटबार्क पाइनचंही तेच. त्याच्या तेलकट बिया खारी साठवतात आणि अस्वलं ती कोठारं लुटतात (इथेही आयतंच!). खोडकिड्याने आणि बुरशीने ही झाडं मोठ्या प्रमाणावर मेली. २०२२ च्या अखेरीस या झाडालाच संकटग्रस्त म्हणून संरक्षण द्यावं लागलं. ज्या शरदात बिया कमी, त्या शरदात मांस जास्त.

सगळ्यात अजब जेवण मात्र पतंगांचं. उन्हाळ्यात मैदानांतून लाखो पतंग उडत येऊन उंच डोंगरांवरच्या दगडांच्या राशींत दडतात. ग्रिझली दगड उलथून ते चाटून खातं. दिवसाला चाळीस हजारांपर्यंत, असा हिशेब आहे. पाचशे किलोंचा बायसन हिसकावणारा प्राणी अर्ध्या ग्रॅमचाही नसलेला पतंग एकेक करून वेचतो, कारण पतंगाचं अंग बरंचसं चरबीचं.

आणि मग शरद येतो, शिकारी माणसांचा. राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीबाहेर एल्कच्या शिकारीला परवानगी आहे. शिकारी मांस घेऊन जातात, आतडी-कोथळा जागेवर टाकतात. सप्टेंबरात बंदुका वाजू लागल्या की काही अस्वलं हद्द ओलांडून तिकडे सरकतात. रक्ताने माखलेला माणूस, अंधार, झाडी, आणि त्याच कोथळ्याच्या वासावर आलेलं ग्रिझली. दरवर्षी यातून चकमकी होतात आणि पुष्कळदा मरतं ते अस्वल.

माणसाच्या उष्ट्यावर ग्रिझली जगवायचा प्रयोग यलोस्टोनने पूर्वी केलेला आहे. हॉटेलांचा कचरा उकिरड्यावर टाकायचा, अस्वलं जमायची, आणि समोर बाकांवर बसून प्रेक्षक बघायचे. या उकिरड्यांवरची अस्वलं अभ्यासली ती फ्रँक आणि जॉन क्रेगहेड या जुळ्या भावांनी. हे दोघे तरुणपणी, १९४०-४१ मध्ये, भावनगरच्या धर्मकुमारसिंहजींचे पाहुणे म्हणून भारतात राहून गेले होते, बहिरी ससाण्यांच्या नादाने. १९६१ मध्ये त्यांनी ग्रिझलीच्या गळ्यात रेडिओ कॉलर घातली. उकिरडे हळूहळू बंद करा, असं ते सांगत होते. १९७० च्या आसपास ते भराभर बंद झाले. उष्ट्याला सोकावलेली अस्वलं तंबूंत, गावांत शिरली आणि मारली गेली. १९७५ मध्ये ग्रिझलीला कायद्याने संरक्षण मिळालं तेव्हा यलोस्टोनच्या परिसरात ती जेमतेम दीडशेच्या आत उरली असावीत असा अंदाज होता. आज हजाराच्या घरात आहेत.

या हजाराच्या आकड्यावर सध्या भांडण आहे. संरक्षण काढावं असं २००७ आणि २०१७ मध्ये सरकारने ठरवलं आणि दोन्ही वेळा न्यायालयाने ते फिरवलं. माझं मत विचाराल तर नुसती डोकी मोजून हा वाद सुटणार नाही. मासा गेला, पाइन गेला, म्हणून ग्रिझली मांसाकडे वळतंय, आणि मांस आता हद्दीबाहेर आहे: शिकाऱ्यांच्या कोथळ्यात, वायोमिंगमधल्या कुरणांवरच्या गुरांत. गुरं मारली की गुराख्याचा संताप साहजिक आहे. तिथे भरपाई वेळेवर मिळते का, मेलेली जनावरं कुरणातून लगेच उचलली जातात का, यावर ग्रिझलीचं भवितव्य जास्त अवलंबून आहे.

दिवाळीनंतर लगेच पुढच्या उन्हाळ्याची तिकिटं काढणारी कितीतरी मराठी कुटुंबं मला माहीत आहेत, आणि यलोस्टोन त्यांच्या यादीत असतंच. तर त्यांच्यासाठी. अस्वलापासून शंभर यार्ड लांब राहायचं, हा नियम आहे. पायवाटेवर मोठाले डोमकावळे घिरट्या घालताना दिसले, कुजका वास आला, किंवा ताजी उकरलेली माती आणि फांद्यांचा ढीग दिसला, तर फोटो न काढता आल्या वाटेने मागे फिरा आणि रेंजरला कळवा. बेअर स्प्रे (अस्वलाला रोखणारा तिखटाचा फवारा) पाठीवरच्या पिशवीत ठेवून उपयोग नाही, कमरेला हवा, आणि मुलांना सोडून सगळ्यांकडे हवा. तो विमानात नेता येत नाही, चेक-इनच्या सामानातही नाही. तिथे पोचल्यावर विकत घ्या.