आकडा चुकतो कुठे?

इंग्लंडमधल्या एखाद्या घरात शनिवारी दुपारी स्वयंपाकघर रिकामं मिळालं, की घरी बिअर करणारा माणूस कामाला लागतो. १.७ किलोचा माल्ट एक्स्ट्रॅक्टचा डबा थोडा वेळ गरम पाण्यात ठेवायचा, म्हणजे आतला काकवीसारखा दाट पाक सैल होतो. तो फर्मेंटरमध्ये, म्हणजे आंबवायच्या बादलीत, ओतायचा, डबा गरम पाण्याने विसळून तेही पाणी आत घालायचं, वर किलोभर साखर, दोन-तीन लिटर उकळतं पाणी. ढवळायचं आणि गार पाणी घालत २३ लिटरच्या खुणेपर्यंत न्यायचं. शेवटी तोटीतून थोडा द्रव उंच, अरुंद नळकांड्यात काढून त्यात द्रवाची घनता दाखवणारा काचेचा हायड्रोमीटर सोडायचा.

हिशेबाने तिथे १.०३९ च्या आसपास आकडा दिसायला हवा. दिसतो १.०६२. दुसऱ्या कोणाला त्याच डब्यातून १.०२७ मिळतो. इथून पुढच्या दहा मिनिटांत जे हातून घडतं, त्यावर बिअर बऱ्याचदा ठरते. कमी आकडा पाहून कोणी अर्धा किलो साखर वाढवतो, जास्त आकडा पाहून कोणी चार लिटर पाणी ओततो. दोघांचाही द्रव मुळात बरोबर होता.

हे इतक्या खात्रीने सांगता येतं, कारण एक्स्ट्रॅक्टच्या बिअरमध्ये पहिला आकडा हा निव्वळ अंकगणिताचा भाग आहे. जो धान्यापासून सुरुवात करतो, त्याला जव भरडण्यापासून ते पिष्टाची साखर होईपर्यंत प्रत्येक पायरीवर कमी-जास्त होतं. एक्स्ट्रॅक्टमध्ये ती सगळी कामं कारखान्यात होऊन गेलेली असतात, मग तो कारखाना ऑस्ट्रेलियातला कूपर्सचा असो की सफोकमधल्या स्टोमार्केटचा मंटन्सचा. १.०३९ मधल्या शेवटच्या ३९ ला पॉइंट म्हणायचं. एक किलो साधी साखर एक लिटरला सुमारे ३८४ पॉइंट देते, दाट एक्स्ट्रॅक्ट किलोला साधारण ३०० देतो. १.७ किलोचे ५१० आणि साखरेचे ३८४, मिळून ८९४. भागिले २३ लिटर, उत्तर ३९.

आता उलटा हिशेब करून पाहावा. आकडा खरोखर १.०६२ असेल, तर ८९४ भागिले ६२, म्हणजे फर्मेंटरमध्ये जेमतेम साडेचौदा लिटर द्रव असायला हवा. डोळ्यांसमोर तर २३ ची खूण गाठलेली आहे. १.०२७ खरा मानायचा, तर ३३ लिटर हवेत, आणि ३० लिटरच्या बादलीत ते मावणारच नाहीत. दोन लिटर पाणी जास्त पडलं तर आकडा १.०३६ होतो, दोन लिटर कमी पडलं तर १.०४३. डब्याच्या कडांना शंभर ग्रॅम पाक चिकटून राहिला, तर जेमतेम एक-सव्वा पॉइंट कमी. प्रामाणिक चुकांचा पल्ला एवढाच आहे. वीस-पंचवीस पॉइंटांचा फरक या वाटेने येऊच शकत नाही, निदान सगळं सामान आत पडलेलं असेल तर.

मग तो येतो कुठून? बहुतेक वेळा ढवळण्यातून. दाट पाक तळाशी बसतो, वरून ओतलेलं गार पाणी त्याच्यावर तरंगत राहतं. तोटी तळाला असल्यामुळे तिथून काढलेला नमुना दाट निघतो, आणि वरून पळीने काढलेला पातळ. एकाच बादलीतून दोन टोकांचे दोन आकडे मिळतात. वरवर पाहिलं तर द्रव एकसारखा तपकिरी दिसतो, म्हणून विश्वास बसत नाही. लांब दांड्याच्या चमच्याने तळ खरवडत चांगली पाच मिनिटं ढवळल्यावर पुन्हा मोजावं. आकडा हिशेबाकडे सरकताना पाहण्यात जो दिलासा आहे, तो या लेखकाला आजही तितकाच वाटतो. शिवाय ते ढवळणं वाया जात नाही. त्यातून मिसळणारी हवा यीस्टला पहिल्या दिवशी हवीच असते.

दुसरं कारण तापमान. बहुतेक हायड्रोमीटर २० अंश सेल्सिअसला आखलेले असतात, जुने इंग्रजी ६० अंश फॅरनहाइटला. नेमकं काय ते आतल्या कागदी पट्टीवर छापलेलं असतं. गरम द्रव विरळ असतो, त्यात काच जास्त बुडते आणि आकडा कमी दिसतो. ३० अंशाला साधारण तीन पॉइंट कमी, ४० ला सहा. त्याहून गरम नमुन्यावर दुरुस्तीचं गणित करत बसण्यापेक्षा तो गार करावा. आपल्याकडे दूध संकलन केंद्रावर लॅक्टोमीटर बुडवणाऱ्याला हे वेगळं सांगावं लागत नाही. उपकरण त्याच जातीचं आहे आणि दुधाच्या तापमानाची दुरुस्ती त्यालाही करावीच लागते.

यंत्रालाही कधीतरी तपासावं. आतली कागदी पट्टी घसरलेली असू शकते आणि बाहेरून तसं काही दिसत नाही. २० अंशाच्या शुद्ध पाण्यात १.००० दाखवत नसेल, तर जो फरक दिसेल तो लिहून ठेवून दर वेळी वजा-जमा करायचा. काच नळकांड्याच्या भिंतीला टेकलेली नको. डोळा द्रवाच्या पातळीला आणावा आणि काचेवर वर चढलेली कड सोडून सपाट पृष्ठभाग जिथे आहे, तिथला आकडा वाचावा.

ब्रिटनमध्ये हा आकडा साधासुधा कधीच नव्हता. अठराव्या शतकात हॅम्पशरमधल्या ऑल्टनच्या जेम्स बॅव्हरस्टॉक या तरुणाला थर्मामीटर वडिलांपासून लपवून वापरावा लागे. घरचा धंदा बिअरचाच, पण असली यंत्रं वडिलांना मान्य नव्हती. पुढे त्याने हायड्रोमीटर हाती घेतला. लंडनच्या बिअर कारखानदारांपैकी सॅम्युअल व्हिटब्रेडने त्याला वाटेला लावलं, हेन्री थ्रेलने मात्र ऐकून घेतलं. १७८४ मध्ये जॉन रिचर्डसनचं आणि १७८५ मध्ये बॅव्हरस्टॉकचं पुस्तक आलं, आणि पिंपातल्या द्रवाला आकड्यात पकडायची रीत रुळली. १८८० मध्ये पंतप्रधान ग्लॅडस्टनने बिअरवरचा करच या पहिल्या आकड्यावर बसवला. १९९३ पर्यंत तो तसाच होता, त्यानंतर अल्कोहोलच्या प्रमाणावर आला. घरी बिअर करायला लागणारा परवाना १९६३ च्या अर्थसंकल्पात अर्थमंत्री रेजिनाल्ड मॉडलिंगने रद्द केला, तेव्हा कुठे ही काच स्वयंपाकघरात मोकळेपणाने आली. अमेरिकेत हीच मोकळीक १९७८ च्या कायद्याने मिळाली. महाराष्ट्रात परवान्याशिवाय मद्य तयार करणं १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे. त्यामुळे मराठी माणसाला हा छंद उघडपणे जोपासायचा, तर तो परदेशातल्या घरातच.

शेवटचा, म्हणजे आंबणं संपल्यावरचा, आकडा ही मात्र वेगळीच गोष्ट. पहिला माणसाच्या हिशेबाचा, दुसरा यीस्टच्या मर्जीचा. तिथे अंकगणित अंदाज देतं, हमी देत नाही.

किलोभर साखर घातलेला एका डब्याचा किट साधारण १.००६ ते १.००९ वर थांबतो, कारण साखर यीस्ट पूर्ण खाऊन टाकतो. साखर न घालता दोन डबे वापरले, म्हणजे ३.४ किलो एक्स्ट्रॅक्ट, तर सुरुवात १.०४४ ला आणि शेवट १.०११ च्या आसपास. पण एक्स्ट्रॅक्टवाल्यांचा जुना अनुभव असा, की गाडी १.०२० ला येऊन अडते. दहावा दिवस उजाडलेला असतो, वायू बाहेर सोडणाऱ्या झाकणावरच्या एअरलॉकमधले बुडबुडे थांबलेले असतात आणि आकडा हलत नाही.

एअरलॉकवर विसंबून काहीही ठरवू नये, हे इथे ठासून सांगायला हवं. झाकण नीट बसलं नसेल तर वायू भलतीकडून निघून जातो आणि बुडबुडे दिसत नाहीत. उलट खोली तापली तर आंबणं संपल्यावरही बुडबुडे येतात. आणि मोजताना नमुन्यातला वायू आधी काढावा लागतो. बुडबुडे हायड्रोमीटरच्या काचेला चिकटून तो वर उचलतात आणि आकडा चार-पाच पॉइंट फुगतो. नमुना दोन पेल्यांत वर-खाली ओतावा, थोडा वेळ ठेवावा, मग काच त्यात सोडून बोटांनी गर्रकन फिरवावी. नमुना मोजून झाल्यावर चाखावा. परत फर्मेंटरमध्ये ओतू नये.

रिफ्रॅक्टोमीटर वापरणाऱ्याची फसगत तर हमखास ठरलेली. उसाच्या फडात पक्वता बघायला किंवा नाशिककडे द्राक्षाची गोडी मोजायला हेच हातातलं ब्रिक्सचं यंत्र वापरतात, आणि तिथे ते चोख काम करतं, कारण रसात अल्कोहोल नसतं. बिअरमध्ये ते आलं की प्रकाश वेगळा वळतो. सुरुवातीला १० ब्रिक्स असलेली बिअर शेवटी ५.२ दाखवत असेल, तर सरळ कोष्टकाने ते १.०२० होतात. अल्कोहोलची दुरुस्ती केल्यावर तीच बिअर १.०११ ला पोचलेली निघते. अडकलेल्या कितीतरी बिअर या कागदावरच अडकलेल्या असतात.

खरोखर अडली असेल, तर आधी डब्याच्या झाकणाखालच्या यीस्टच्या पुडीकडे पाहावं. पुडी सहा-सात ग्रॅमची, तीही दुकानाच्या फळीवर डब्याबरोबर महिनोन् महिने उन्हा-थंडीत राहिलेली. मग थंडी. नोव्हेंबरात इंग्लंडमधल्या गॅरेजचं तापमान रात्री बारा अंशांवर येतं, आणि अठरा-वीस अंशांना काम करणारा यीस्ट मुकाट्याने तळाशी जाऊन बसतो. फर्मेंटर घरात आणून वीस-एकवीस अंशांवर ठेवावा, हलकेच गोल फिरवून साका उठवावा, हवा मिसळू देऊ नये, आणि चार-पाच दिवस थांबावं. काही यीस्टची जातच लवकर थांबणारी असते. विंडसर नावाचा इंग्लिश यीस्ट माल्टोट्रायोज ही साखर खात नाही, त्याच्याकडून १.०१० ची अपेक्षा करणं अन्यायाचं आहे. मिल्क स्टाउट नावाच्या बिअरमध्ये अर्धा किलो लॅक्टोज घातलं, तर त्याचे आठेक पॉइंट शेवटपर्यंत तसेच राहतात, कारण बिअरच्या यीस्टला ते पचत नाही. ती बिअर १.०२० ला पूर्ण झालेली असते.

उलट बाजूने आकडा १.००२ वर घसरला तर तेही तपासावं. सेझोन प्रकारच्या बिअरच्या काही यीस्टमध्ये डेक्स्ट्रिन, म्हणजे एरवी न आंबणाऱ्या घट्ट साखळ्या, तोडणारं एन्झाइम असतं, ते त्यासुद्धा सोडत नाही. तसा यीस्ट घातलेला नसताना असं झालं, तर नळी किंवा तोटीतून रानटी काहीतरी शिरलं आहे असं समजून प्लास्टिकचं सामान बदलावं.

या सगळ्या संशयावर एक जुना, कमी खर्चाचा उपाय आहे आणि घरगुती मंडळी तो फार कमी वापरतात. पहिल्याच दिवशी यीस्ट टाकल्यावर पेलाभर द्रव स्वच्छ बाटलीत वेगळा काढायचा, त्यात आणखी चांगला चमचाभर यीस्ट घालायचा, तोंडाला फॉइल लावून स्वयंपाकघराच्या उबदार कोपऱ्यात ठेवायचा आणि येता-जाता हलवायचा. दोन-तीन दिवसांत तो इतका आंबतो, की पुढे जायला काही उरत नाही. त्याचा आकडा १.०११ आला, तर मोठ्या फर्मेंटरमधल्या १.०२० ला कारण शोधावं लागेल. पेल्यातला आकडाही १.०१९ वरच थांबला, तर एक्स्ट्रॅक्टमध्ये खाण्याजोगं एवढंच होतं, आणि यीस्ट वाढवून काही हाती लागणार नाही.

हे माहीत असणं बाटल्या भरताना फार महत्त्वाचं ठरतं. एक पॉइंट आणखी आंबला, की बाटलीत बिअरच्या अंदाजे निम्म्या आकारमानाइतका कार्बन डायऑक्साइड वाढतो. सहा पॉइंट शिल्लक असताना झाकणं लावली, तर नेहमीच्या अडीच आकारमानांवर आणखी तीन चढतात, आणि साधी काचेची बाटली एवढ्या दाबासाठी केलेली नसते. म्हणून दोन-तीन दिवसांच्या अंतराने घेतलेले दोन आकडे जुळावेत, आणि ते पेल्यातल्या आकड्याच्या जवळ असावेत. मग बाटलीत फेस धरण्यासाठी लिटरला सहा ग्रॅम साखर, २३ लिटरला साधारण १४० ग्रॅम. एक बाटली प्लास्टिकची भरून काचेच्या बाटल्यांशेजारीच ठेवावी आणि रोज दाबून पाहावी. आठवड्याभरात ती हाताला टणक लागली, की बाकीच्या गार जागी हलवता येतात. दोन-तीन दिवसांतच दगडासारखी झाली, तर काचेच्या बाटल्या टॉवेलात गुंडाळून फ्रिजमध्ये घालाव्यात, आणि त्या नीट गार झाल्यावरच झाकणं उघडून दाब सोडावा.