औंढ्याचा गारवा

लोणावळ्याहून पवनानगरच्या रस्त्याला लागलं की बाजारपेठ, चिक्कीची दुकानं आणि गर्दी मागे राहते आणि थोड्याच वेळात औंढे येतं. पुणे-मुंबई द्रुतगती महामार्ग इथूनच जातो. ‘औंढे पूल’ हे नाव पुष्कळांनी फक्त अपघाताच्या बातम्यांत ऐकलेलं असतं. पूल ओलांडला की मात्र डोळे निवतात. समोर भाताची खाचरं, आणि त्यांच्यापलीकडे लोहगड-विसापूरची जोडी.

आम्ही तीन घरची चौदा माणसं बकरी ईदनंतर दोन दिवसांसाठी इथे उतरलो होतो. पुण्यात उकाड्याने जीव नकोसा झाला होता. पाऊस अजून घाट चढून आला नव्हता, त्यामुळे खाचरं कोरडीच होती, काहींत राब भाजल्याची काळी राख दिसत होती. पाऊस पडला की याच खाचरांत इंद्रायणी लागते. हा तांदूळ इथून जवळच, वडगाव मावळच्या संशोधन केंद्रात तयार झाला आणि १९८७ साली शेतकऱ्यांना मिळाला. हे साल लक्षात ठेवा, पुढे पुन्हा येणार आहे.

गावातल्या जुन्या घरांच्या भिंती जाड, वर कौलं, आणि पुढे ओटा. दुपारीसुद्धा ओट्यावर बसवतं. आम्ही भाड्याने घेतलेला बंगला मात्र नव्या पद्धतीचा होता, म्हणजे वर सपाट स्लॅब, पश्चिमेला भिंतभर काचा आणि खोलीगणिक एसी. गार हवेसाठी शहर सोडून यायचं आणि आल्याआल्या खिडक्या लावून घ्यायच्या, हा प्रकार आम्हाला तरी समजत नाही. पण बाहेर पाहिलं तर आजूबाजूच्या प्रत्येक बंगल्यामागे एसीचे पंखे रांगेने फिरत होते.

त्यातला आमच्या वरच्या खोलीतला एसी पहिल्याच दुपारी नुसती हवा फेकू लागला. बंगला सांभाळणाऱ्या काकांनी फोन केला आणि तासाभरात एक तरुण मेकॅनिक मोटारसायकलवरून आला. चुणचुणीत पोरगा. खांद्याला पिशवी, हातात गॅसचा छोटा सिलिंडर. त्याने बाहेरच्या यंत्राचं झाकण काढलं आणि पाना लावला, तोच आमचे मामू उठले.

मामूंची तीस वर्षं फ्रिज-एसी दुरुस्तीत गेली आहेत. “बेटा, काय करतोस?”

“गॅस कमी आहे काका. उरलेला सोडून देतो आणि नवीन मारतो.”

“थांब जरा,” म्हणत मामू चष्मा लावून यंत्रावरची पाटी वाचू लागले. आर-२२. जुना एसी होता.

आमची धाकटी भाची आठवीत आहे. तिने लगेच शाळेतलं सांगितलं, “या गॅसने ओझोनला भोक पडतं, आणि त्या भोकातून ऊन आत येऊन पृथ्वी तापते.” मोठ्यांनीही माना हलवल्या. बहुतेकांची समजूत अशीच असते. ती अर्धी बरोबर आहे.

ओझोनचा थर आपल्या डोक्यावर साधारण १५ ते ३५ किलोमीटर उंचीवर पसरलेला आहे. पण तो इतका विरळ, की सगळा ओझोन जमिनीवर आणून दाबला तर जेमतेम ३ मिलिमीटर भरेल, आपल्याकडच्या उष्ण पट्ट्यात त्याहूनही थोडा कमी. एवढासा पडदा सूर्याची घातक अतिनील किरणं अडवतो. ती जास्त आली तर त्वचेचा कर्करोग आणि मोतीबिंदू वाढतात. पण उकाडा त्या भोकातून येत नाही. पृथ्वी तापते ती कार्बन डायऑक्साइडसारख्या वायूंनी उष्णता धरून ठेवल्यामुळे. हे दोन वेगळे आजार आहेत, मात्र दोघांनाही हातभार लावणारा एक गुन्हेगार सामाईक निघाला, आणि तो आपल्या स्वयंपाकघरातल्या फ्रिजमध्ये बसला होता.

१९७४ मध्ये मोलिना आणि रोलँड या शास्त्रज्ञांनी दाखवलं, की फ्रिजमधले सीएफसी वायू वर जाऊन फुटतात आणि त्यांतला क्लोरीनचा एकेक अणू ओझोनचे हजारो रेणू मोडतो. पुढच्याच वर्षी वीरभद्रन रामनाथन यांनी दुसरी बाजू उघड केली. हेच वायू उष्णताही धरून ठेवतात, आणि रेणूला रेणू लावून पाहिलं तर कार्बन डायऑक्साइडच्या कितीतरी हजार पट. रामनाथन तरुणपणी सिकंदराबादला रेफ्रिजरेशनच्या कारखान्यात नोकरीला होते, आणि यंत्रातून गॅस का गळतो हे शोधणं हेच त्यांचं काम होतं. मामूंना ही गोष्ट फार आवडते. “म्हणजे आमच्याच बिरादरीतला माणूस,” असं ते म्हणतात.

१९८५ मध्ये अंटार्क्टिकावरचा ओझोन वसंतात भयंकर घटत असल्याचं जगाला कळलं, आणि १६ सप्टेंबर १९८७ रोजी मॉन्ट्रियलचा करार झाला. हो, इंद्रायणी तांदळाचंच साल. भारत त्यात १९९२ मध्ये सामील झाला. करार पाळला गेला, आणि थर सावरतो आहे. शास्त्रज्ञांच्या अंदाजाप्रमाणे बहुतेक जगावर तो २०४०च्या आसपास आणि अंटार्क्टिकावर २०६६च्या सुमारास १९८०च्या पातळीवर येईल. आजच्या काळात इतकी चांगली बातमी क्वचितच मिळते.

पण सीएफसीच्या जागी आलेला आर-२२ थोडा का होईना, ओझोन खातोच. तो आपल्याकडे टप्प्याटप्प्याने बंद होत आहे. त्याच्या जागी आलेले एचएफसी ओझोनला हात लावत नाहीत, पण उष्णता भरपूर धरतात. म्हणून २०१६ मध्ये किगालीला त्यांच्यासाठी वेगळी दुरुस्ती झाली, आणि भारताने ती २०२१ मध्ये मान्य केली. आपल्याला २०४७पर्यंत त्यांचा वापर ८५ टक्क्यांनी खाली आणायचा आहे.

हे सगळं सांगता सांगता मामूंनी हिशेब मांडला. १ किलो आर-२२ हवेत सोडला तर शंभर वर्षांच्या हिशेबाने तो सुमारे १८०० किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता धरतो. लिटरला १५ किलोमीटर जाणाऱ्या मोटारीने या खालच्या महामार्गावरून पुणे-मुंबई ७५ खेपा केल्या, तर साधारण तेवढाच धूर निघेल. (त्या धुरावर ऊन पडून जमिनीलगतही ओझोन तयार होतो. तो मात्र फुप्फुसांचा आणि पिकांचा वैरी. वर असावा, खाली नसावा.)

पोरगा ऐकत होता, पण गप्प बसला नाही. “काका, गॅस ओढून घ्यायचं मशीन मला परवडत नाही. पाहुणे ओरडतात, मालक म्हणतो अर्ध्या तासात उरक. काय करू?”

त्याचं खरं होतं. कायदे दिल्लीत आणि करार परदेशात होतात, पण पाना असतो याच्या हातात. मामूंनी त्याला बोल लावला नाही. आधी त्यांनी मोरीतून भांड्यांचा साबण मागवला. फेस करून जोडांवर लावला. आतल्या यंत्राच्या फ्लेअर नटापाशी बुडबुडे आले. गळती तिथे होती. नुसता गॅस भरला असता तर पुढच्या सुट्टीत पुन्हा हेच.

मग मामूंनी एसी चालू ठेवून बारीक नळीचा व्हॉल्व्ह बंद करायला लावला. कॉम्प्रेसरने उरलेला गॅस बाहेरच्या यंत्रात ओढून घेतला. मीटरचा काटा शून्याजवळ येताच जाड नळीचा व्हॉल्व्हही बंद केला आणि एसी थांबवला. गॅस आत कोंडला गेला, वेगळं मशीन लागलंच नाही. नळीचं तोंड नव्याने फुलवलं, नट आवळला, नळ्यांतली हवा पंपाने काढली, व्हॉल्व्ह उघडले. वरून भरायला लागला तो थोडासाच गॅस. एकूण वेळ, मुलांनी घड्याळ लावून मोजला, एक तास दहा मिनिटं.

चहा पिताना पोराने विचारलं, “काका, ते प्रोपेनवाले नवे एसी आलेत, त्यांना हात लावायची भीती वाटते.” तो गॅस, आर-२९०, ओझोनला निर्धोक आहे आणि उष्णता जवळजवळ धरतच नाही, पण पेट घेतो. मामूंनी बजावलं, खिडक्या सताड उघड्या ठेवायच्या, जवळ विडी-काडी नाही, आणि आत गॅस असताना नळीला जाळ लावायचा नाही. पोराने सगळं मोबाइलवर टिपून घेतलं.

त्याच ओळीतल्या आणखी दोन बंगल्यांचे फोन त्याला येऊन पडले होते. मगरिबची नमाज होताच मामू पायात चपला सरकवून त्याच्या मोटारसायकलवर मागे बसले. त्यांचं ताट झाकून ठेवावं लागलं.