अर्ध्या जिल्ह्याएवढा देश

मुलाच्या आग्रहाने लक्झेंबर्ग पाहून आलो. सारा देश २,५८६ चौरस किलोमीटरांचा. म्हणजे आमच्या वाशिम जिल्ह्याच्या साधारण निम्मा! बस, ट्राम २०२० पासून सर्वांना फुकट. तरी पहिले दोन दिवस मी तिकिटासाठी खिसा चाचपीतच होतो.

बोकच्या कड्यावर उभे होतो. खाली आल्झेत नदी, पायाखाली खडक पोखरून काढलेली भुयारे. शेजारच्या म्हाताऱ्या बाई अभिमानाने म्हणाल्या, "हा किल्ला ९६३ सालापासूनचा." आणि लगेच, "तुमच्या गावी पाहण्यासारखे काय?"

"विशेष काही नाही."

बोललो आणि जीभ चावली. वाशिम म्हणजे वत्सगुल्म, चौथ्या शतकातली वाकाटकांची राजधानी! राजशेखराने 'काव्यमीमांसे'त काव्यपुरुषाचे साहित्यविद्येशी लग्न लावले, ते तिथेच. पद्मतीर्थाच्या काठी तर माझे अर्धे बालपण गेले. आणि मी सांगतो काय, तर विशेष काही नाही!

बाई पुढे गेल्या होत्या. त्यांना गाठून मोडक्या इंग्रजीत सारे सांगू लागलो. काव्यपुरुषाच्या लग्नापाशी माझी इंग्रजी संपली. बाईंना वाटले, लग्न माझेच. त्यांनी हात हाती घेऊन अभिनंदन केले. सौ. शेजारीच होती, तिने ते मुकाट्याने स्वीकारले.